मेणानं बुजवलेली सनई

धामणखेडच्या खंडोबाला दिवसातून तीनदा वाजंत्री लागते. पहाटे चौघडा, दुपारी नैवेद्याला नुसती सनई, सांजेला पुन्हा चौघडा. देवाला लागते असं म्हणायची पद्धत आहे. खरं तर ती गावाला लागते. पहाटेचा नगारा झाला की बाया घागरी उचलतात. दुपारची सनई कानावर आली की सिंदफणा नदीकाठच्या वावरात औतं सुटतात आणि भाकरीची फडकी उघडतात. सांजेचा चौघडा म्हणजे बंकट वाण्यानं दुकानात चिमणी लावायची वेळ. बाकी ऐकत कोणीच नाही. नगारखाना देवळाच्या दरवाज्यावर आहे, त्याच्याखालून दिवसभर गाव ये-जा करतं, आणि वर आत्ता काय वाजतंय असं विचारलं तर निम्मे लोक उलट विचारतील, वाजतंय व्हय?

आश्रुबानं हे एकदा तपासून पाहिलं होतं. एका सकाळी त्यानं भूपाळी सोडून सरळ लग्नाच्या वरातीची चाल धरली, तीही ठसक्यात. बाया घागरी घेऊन खालून गेल्या, पुजारी घंटा हलवत राहिला, बंकटनं दुकानाच्या फळ्या काढल्या. एकाचीही मान वर झाली नाही. आश्रुबा पोट धरधरून हसला होता. "न्हाई ऐकत तेच बरं हाय," तो म्हणाला, "ऐकाया लागले तर चुका काढतील."

आश्रुबा सनई वाजवायचा, पाशा नगारा, आणि आश्रुबाचा धाकटा भाऊ रामहरी सूर धरायचा. सूर म्हणजे दिसायला सनईच, पण तिची भोकं मेणानं बुजवलेली. तिच्यातून एकच स्वर निघतो आणि वाजवणं सुरू झाल्यापासून संपेपर्यंत तो तुटता कामा नये. गालात हवा साठवायची, नाकानं श्वास ओढायचा आणि तेवढ्या वेळात गालातली हवा सोडत राहायचं. चाल वाजवणाऱ्याला दम खाता येतो, सनईच्या तोंडाची पात, म्हणजे जिभाळी, ओली करता येते, पाशाकडे बघून भुवया उडवता येतात. सूरवाल्याला त्यातलं काही नाही. चाल गावाच्या कानावरून तरी जाते, पण तिच्या खाली एक सूर चाललेला असतो हे गावाला कोणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं. रामहरीला याचं कधी वाईट वाटलं नाही. त्याचं लग्न जमलं नव्हतं, तो भावाच्याच घरी राहत होता, भावजय तुळजाबाई वेळेवर ताट वाढत होती, आणि रोज तीनदा भावाच्या मांडीला मांडी लावून बसायला मिळत होतं. माणसाला अजून काय लागतं?

एकच गोष्ट त्याला आतून खात होती. सूर तोंडात असला की दात, जबडा, कानशिलं, सगळं त्या एका स्वरानं भरून जातं. शेजारची सनई त्याला कधी धड ऐकूच आली नव्हती. भावाची बोटं हलताना दिसायची, चाल कुठं वळली ते पाशाच्या खांद्यावरून समजायचं, बस. आश्रुबाच्या हाताची पंचक्रोशीत तारीफ व्हायची. ती ऐकून रामहरी मान डोलवायचा आणि मनात म्हणायचा, असेल बुवा. घरी वाजवून दाखव म्हटलं तर आश्रुबा हात झटकायचा. "सुराबिगर काय वाजवू? न्हाई जमायचं." पुढं कधीतरी ऐकू, असं म्हणत बरीच वर्षं गेली.

तिकडे विलायतेतली लढाई संपत आली होती, त्या साली दिवाळीच्या तोंडावर मानमोडीचा ताप आला. सकाळी मान दुखते म्हणणारा माणूस दोन दिवसांत खलास. गाव उठून वावरात गेलं, कडब्याच्या खोपी घालून राहिलं, तरी ताप मागोमाग आलाच. आश्रुबा तशाच एका खोपीत गेला. रामहरी, पाशा, बंकट आणि आणखी एक जण, अशा चौघांनी त्याला नदीवर नेलं. तिथं आधीच तीन ठिकाणी धूर निघत होता. त्या दिवसांत कोणाला कोणासाठी रडायची सवड नव्हती. तुळजाबाई खोपीच्या कुडाला टेकून बसली ती बसलीच. रामहरीलाही रडू आलं नाही. पाय अवघडून बधिर झाला की चिमटा काढला तरी कळत नाही, तसं त्याचं सगळंच झालं होतं. लोकांनी सांगितलं तसं तो करत गेला.

ताप ओसरला. उरलेलं गाव परत घरांत आलं. देवस्थानचे कारभारी अर्जुनराव देशमुख यांनी रामहरीला बोलावून घेतलं.

"देवाला वाजंत्री न्हाई, बरं दिसत न्हाई," ते म्हणाले. त्यांचे स्वतःचे दोन मुलगे गेले होते. बोलताना ते भिंतीकडे बघत होते. "आष्टीहून सनईवाला बघतो मी. तवर तू नुसता सूर धर. पाशा नगारा वाजवंल."

"नुसता सूर कसा दिसंल, मालक?"

"कोन ऐकतंय?" अर्जुनराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे रामहरी नगारखान्यात चढला. पारवे फडफडले. भावाची घोंगडी होती तिथंच अंथरलेली होती. तिच्यावर बसायचं त्याच्या मनात आलं नाही. तो आपल्या जागी बसला, पाशानं नगाऱ्याला हात लावला, आणि त्यानं सूर धरला. चांगलं उजाडेपर्यंत तो एकच स्वर चालत राहिला. रामहरीला त्यात काही वाटलं नाही. बरं नाही आणि वाईटही नाही.

खाली उतरला तेव्हा बंकट फळ्या काढत होता.

"आज आश्रुबानं लई जीव लावून वाजवलं बघ," बंकट म्हणाला.

रामहरी थांबला. "बंकटशेट, दादा गेला की."

"आं?" बंकटनं हातातली फळी खाली ठेवली. क्षणभर विचार केला. "हां, खरंच. मीच तर गेलतो मातीला." मग त्यानं फळी उचलून भिंतीला लावली. "पन वाजवलं झकास."

दुसरं कोणी असतं तर हादरून गेलं असतं. पण त्या साली धामणखेडमध्ये हादरायचं कोणातच उरलं नव्हतं. रामहरीनंही विचार केला आणि त्याला ते सरळ वाटलं. जन्मभर जी चाल कानावरून गेली, ती खालचा सूर मिळाला की कान आपोआप भरून काढत असणार. सवय म्हणतात ती हीच. होईल कमी हळूहळू.

कमी झालं नाही. पुजारी म्हणाला, काल दुपारी सारंग काय रंगवला. कुंभाराची म्हातारी म्हणाली, आश्रुबा आता पहिल्यासारखी घाई करत न्हाई. प्रत्येक जण हे सांगायचा, रामहरी आठवण द्यायचा, सांगणारा "हां, खरंच की" म्हणायचा आणि कामाला लागायचा. एकालाही त्याचं नवल नव्हतं, आणि रामहरीला या गोष्टीची जास्त धास्ती वाटू लागली.

मग एका सकाळी तो नदीवर गेला. दोन बाया धुणं आपटत होत्या आणि तोंडातल्या तोंडात एक चाल गुणगुणत होत्या. पलीकडच्या काठावर तिसरी बाई होती, ती तीच चाल पुढं नेत होती. रामहरी वाळूत उभा राहिला. चाल ऐकली नसली तरी भावाची बोटं त्यानं इतकी वर्षं पाहिली होती. कोणती चाल कशी बोटं मागते हे त्याला पाठ होतं. ही चाल आश्रुबानं कधीच वाजवलेली नव्हती.

"कुठली वं ही चाल, आक्का?" त्यानं विचारलं.

"काल सांजची की," बाई म्हणाली. "तुमीच तर व्हता वर."

म्हणजे सवय नव्हती. सवयीला नवी चाल कुठून सुचणार?

त्या दिवशी चौघडा संपल्यावर त्यानं पाशाला गाठलं. "खरं सांग, तुला येतं का ऐकू?"

पाशा नगाऱ्यावर फडकं पांघरत होता. "माझ्या कानात नगाराच घुमत असतोय बे. मला काय कळायचं?" तो थोडा घुटमळला. "पन त्या घोंगडीकडं बघायचं मी सोडलंय."

"कावून?"

पाशानं फडक्याची गाठ मारली आणि तो जिना उतरून गेला.

अर्जुनरावांनी शब्द पाळला. पौषात आष्टीहून उत्तरेश्वर नावाचा सनईवाला आला. पिळदार मिशा, हिरवा फेटा, बोलायला फटकळ. तिकडच्या लग्नसराईतलं मोठं नाव. तो म्हणाला, आधी खालून ऐकतो, मग बसतो. दुपारची वेळ होती, नुसत्या सनईची. रामहरीनं सूर धरला, संपवला आणि खाली आला. उत्तरेश्वर देवडीवर बसून होता. फेटा काढून त्यानं मांडीवर घेतला होता.

"मला कावून बोलावलं तुमी?" त्यानं विचारलं.

"सनईला मानूस न्हाई म्हनून."

"ऱ्हाऊ द्या की थट्टा. माझ्यापरीस दुप्पट वाजवनारा हाय तुमच्याकडं. धैवतावर जाऊन थांबतो आन् तिथनं हळूच खाली घसरतो, ते मला सात जन्मात न्हाई यायचं." तो उठला. "त्याच्या जागी मला बसवून मानसाचं मन कावून मोडता? कोन हायत ते?"

"माझा थोरला भाऊ," रामहरी म्हणाला. पुढचं सांगायचं त्यानं टाळलं.

उत्तरेश्वर नगारखान्याकडे वळला, दोन्ही हात जोडले, आणि जेवायलाही न थांबता आष्टीच्या वाटेला लागला. अर्जुनरावांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बरं मग. चाललंय तसं चालू द्या."

आता गाव ऐकू लागलं होतं. पूर्वी ज्यांची मान वर होत नव्हती ते लोक दरवाज्याखाली थबकू लागले. बाया कमरेवर घागर तशीच धरून उभ्या राहत. बंकट तराजू हातात अधांतरी धरायचा आणि गिऱ्हाईकही त्याला घाई करायचं नाही. आणि तुळजाबाई उठली. इतके दिवस भिंतीला टेकून बसलेली बाई रोज दुपारी न्हाऊन, भाकरीची टोपली घेऊन देवळात यायची, देवडीवर बसून डोळे मिटायची. तिच्या गालावर रंग आला होता.

एकदा ताट वाढता वाढता ती म्हणाली, "त्यांना आता दम लागत न्हाई. आदी मधीच खोकला यायचा."

रामहरीचा घास हातातच राहिला. "वैनी, तुमाला खरंच ऐकू येतं?"

"तुमाला न्हाई येत?" तुळजाबाईनं त्याच्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत कीव होती. "तुमी तर मांडीला मांडी लावून बसता, भावजी."

त्या वेळी रामहरीला भावाचा मनापासून राग आला. मरताना आला नाही, जाळताना आला नाही, तो आज आला. सगळ्या गावासाठी वाजवतोस, त्या मिशीवाल्या आष्टीकरासाठी वाजवतोस, आणि जो इतकी वर्षं तुझ्याखाली सूर धरून बसला त्याला एक चाल ऐकवत नाहीस? राग आला आणि त्याच्या मागोमाग, किती महिन्यांनी, रडू आलं. त्याला भाऊ ऐकायचा होता. एकदा, एकच चाल, संपेपर्यंत. त्याच्यापुढं दुसरं काही मागणं नव्हतं.

सूर तोंडात असेपर्यंत ते होणार नव्हतं, आणि सूर सोडला तर वरचं सगळंच थांबणार होतं. निदान त्याची तशी समजूत होती. म्हणजे सूर दुसऱ्यानं धरायला हवा. दुसरा म्हणजे पाशाच.

"मला तिथं बसवू नगंस," पाशा म्हणाला. दोस्तीखातर तयार मात्र झाला. रामहरीनं त्याला शिकवायला घेतलं. एरंडाच्या पानाच्या देठाची नळी करायची, तिचं एक टोक पाण्याच्या लोट्यात घालून दुसऱ्यातून फुंकायचं, आणि श्वास घेताना बुडबुडे थांबू द्यायचे नाहीत. पाशाचे बुडबुडे थांबायचे. तो ठसकायचा, शिव्या घालायचा, पुन्हा फुंकायचा. शिमगा येईपर्यंत त्याला बऱ्यापैकी जमू लागलं, तरी सूर थरथरायचाच. रामहरी म्हणाला, चालेल. एका दुपारपुरतं चालेल.

चैत्रातली दुपार ठरली. दुपारी नगारा नसतो, त्यामुळे पाशाचे हात मोकळे. रामहरीनं आपली मेणानं बुजवलेली सनई त्याच्या हातात दिली आणि तो जिना चढून दिसेनासा होईपर्यंत बघत राहिला. मग तो आवारातल्या लिंबाखाली जाऊन उभा राहिला. ऊन मी म्हणत होतं. फरशी तापली होती. देवडीवर तुळजाबाई, तिच्या पलीकडं कुंभाराची म्हातारी, दुकानाच्या पायरीवर बंकट. सगळे वाट बघत होते आणि रामहरीकडे कोणी पाहत नव्हतं.

सूर सुरू झाला.

पहिल्यांदा त्याला बरं वाटलं. थरथर नव्हती. सरळ, भरलेला, एकसंध सूर होता. पाशानं कमाल केली म्हणायची.

देवडीवरच्या बायांनी डोळे मिटले. बंकटची मान हलकेच डोलू लागली. म्हणजे चाल सुरू झाली होती.

रामहरीनं कान दिला. सूर ऐकू येत होता. त्याच्या वर काही नव्हतं.

त्यानं श्वास रोखून धरला. पारव्यांचं घुमणं ऐकू आलं, लिंबाच्या पानांची सळसळ ऐकू आली, देवळामागं कोणीतरी रहाट ओढत होतं तेही ऐकू आलं. आणि सूर. म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. बंकटनं "वा" म्हटलं. एका जागी सगळ्यांच्या माना एकदम थांबल्या आणि एकदमच खाली आल्या, एखाद्या अवघड जागेवरून चाल सुखरूप उतरावी तशा.

सगळ्या आवारात त्याला एकट्यालाच चाल ऐकू येत नव्हती.

नुसता सूर. इतका चांगला सूर त्यानं बाहेरून कधी ऐकला नव्हता. श्वास घेताना तो बारीकसा फुगत होता, आणि लगेच सावरत होता. पाशा कधी शिकला हे?

कोणीतरी त्याच्या दंडाला हात लावला. हात बर्फासारखा गार होता.

पाशा होता.

त्याच्या हातात मेणानं बुजवलेली सनई होती. जिभाळी कोरडी होती.

सूर चालूच होता.

"तू खाली कसा?" रामहरीनं विचारलं.

"वर गेलतो," पाशा म्हणाला. "जागा न्हाई तिथं."

"जागा न्हाई म्हंजे?"

"दोघं बसलेत."

रामहरीनं नगारखान्याकडे पाहिलं. उन्हानं डोळे दिपत होते. आत नुसता अंधार दिसत होता.

"कोन दोघं, पाशा?"

पाशानं सनई रामहरीच्या हातात दिली. देताना बोटांना बोटं लागणार नाहीत याची काळजी घेतली.

सूर संपला. जसा संपवायचा असतो तसाच, हळूहळू, नाकातला श्वास वापरून. आवारात कोणी हललं नाही. मग बंकट उठला, दुकानात गेला. म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं.

तुळजाबाई टोपली घेऊन लिंबाकडूनच आली. रामहरी तिच्या वाटेत उभा होता. तो बोलायला तोंड उघडणार, इतक्यात ती खाली नजर ठेवून म्हणाली, "वाट द्या जरा, पाव्हनं."

तो बाजूला झाला.

ती जिन्याच्या पहिल्या पायरीशी थांबली आणि वर बघून तिनं हाक दिली, "भावजी, चला, जेवून घ्या. त्यांनाबी उठवा."

वरून उत्तर आलं.

"आलो, वैनी."

आवाज आश्रुबाचा नव्हता; कोणाचा ते रामहरीला ओळखता आलं नाही. पाशानं मात्र तो ऐकला, रामहरीच्या तोंडाकडे नीट पाहिलं, आणि तो सावकाश मागं सरकत गेला.